थंड पाणी, गरम पाणी

"पान धर, कळी नको! देठाकडून मागे ओढ. हां, अस्सं. क्वी, अरे तू पानं काढतोयस की कोंबडी सोलतोयस?"

चिन मावशी शिडीवरून ओरडत होत्या. त्या आमच्या सफाईच्या बायकांच्या मुकादम. ओरडणं त्यांच्या पगारातच धरलेलं आहे, असं आम्ही समजून चालतो.

"मावशी, इथला माळी मी आहे," क्वी खालून म्हणाला. तिशीचा क्वी, नुकतीच मिशी ठेवलेली, आणि ती सगळ्यांनी बघितली की नाही याची सतत काळजी.

"म्हणूनच सांगतेय. माळी नसतास तर नीट केलं असतंस."

सगळे हसले. साऊ काका तेवढे हसले नाहीत. ते शेवटच्या झाडाशी पाठमोरे उभे राहून एकेक पान काढत होते. आमच्या देखभाल विभागात ते पंपमेकॅनिक. कान थो शहराच्या या टोकाला असलेल्या आमच्या विद्यापीठात कुठल्याही इमारतीच्या कुठल्याही मजल्यावर नळ सोडला आणि पाणी आलं, तर ते साऊ काकांमुळे आलं, आणि आलं नाही तर शिव्या साऊ काकांना. एवढं सोपं त्यांचं आयुष्य.

मी माझ्या मुलीला, बोंगला, मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते. रविवार म्हणून पाळणाघर बंद, सासूबाई देवळात गेलेल्या, आणि पोरीला चार दिवस खोकला. अर्धं लक्ष तिच्या छातीतल्या घरघरीकडे, अर्धं हातातल्या मोबाइलकडे. दरवर्षी तेतच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या, सुट्टीआधी विभागाचं एक छोटं बातमीपत्र निघतं. कोणाला मूल झालं, कोण निवृत्त होणार, सुट्टीत कोण कुठे चाललंय. कॉलेज शिकलेली म्हणून ते काम माझ्या गळ्यात.

"चिन मावशी, तुमचं काय लिहू?"

"लिही, चिनबाई माहेरी चालल्या आहेत आणि नवऱ्याला बरोबर नेणार नाहीत. कळू दे सगळ्यांना."

"ताम काका?"

"मी कुठे जाणार? फाटकावर," पहारेकरी ताम काका म्हणाले. "लिही, ताम यंदाही फाटकावर, आणि फाटकाची प्रकृती उत्तम."

"साऊ काका?"

"काही नाही. इथेच," ते वळून न बघता म्हणाले.

दरवर्षी हेच उत्तर. पण यंदा ते म्हणताना त्यांचा हात मध्येच थांबला होता, आणि मी ते पाहिलं. मला असल्या गोष्टी दिसतात. नको असतानाही दिसतात.

होआमाईची ही पाच झाडं कार्यालयाच्या इमारतीसमोर उभी आहेत. तेतच्या पहिल्या सकाळी ती पिवळीधमक फुलावीत म्हणून वर्षाच्या शेवटच्या पौर्णिमेला त्यांची सगळी पानं हातानं काढायची. पानं गेली की झाड आपला सगळा जीव कळ्यांत घालतं. इथलं लहान पोरही हे सांगेल. पण यंदा आम्ही पौर्णिमेच्या आठवडाभर आधीच शिड्या लावल्या होत्या, कारण खोय सरांचा तसा आदेश होता.

खोय सर पावाच्या पिशव्या घेऊन स्वतः आले. आमचे नवे विभागप्रमुख. पावसाळ्यात दुसऱ्या शहरातून बदली होऊन आले. मनानं बरे, फक्त जरा घाईचे. "या, या, आधी खाऊन घ्या सगळे. काका, चोवीस तारखेला फुलं येतील ना? चांद्र तारीख म्हणतोय. वर्षअखेरचा कार्यक्रम इथेच, झाडांसमोर. माजी विद्यार्थी येणार आहेत, मोठमोठी माणसं. मागच्या वर्षीचे फोटो पाहिले मी, नुसत्या काटक्या दिसतात मागे."

"आज पानं निघाली तर यायला हवीत, सर," साऊ काका म्हणाले.

"झालं तर मग!" सर खूश झाले आणि सगळ्यांना पाव वाटत सुटले.

चिन मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी बोंगच्या टोपीची दोरी बांधू लागले. सरांना माहीत नव्हतं. आणि ज्यांना माहीत होतं त्यांतला एकही माणूस तोंड उघडत नव्हता.

*

ती झाडं साऊ काकांच्या घरची. त्यांच्या वडिलांनी लावलेली. घर नदीकाठी होतं, वडिलोपार्जित, कौलारू, मागे झाडांची रांग. नदीनं काठ खायला सुरुवात केली तेव्हा आधी घाट गेला, मग पुढची पडवी, आणि एका पावसाळ्यात एका आठवड्यात उरलेलं सगळं. माणसं वाचली. मागची झाडं राहिली, पण मुळं पाण्याच्या बाजूनं लोंबत असलेली. तेव्हाचे आमचे प्रमुख म्हणाले, विद्यापीठाचा ट्रक घेऊन जा. एका रविवारी सगळा विभाग कुदळी घेऊन गेला. मी तेव्हा नवीन होते, मी फक्त सरबत वाटलं. झाडं इथे लावली आणि साऊ काकांनी रीतसर सही करून ती विद्यापीठाला दिली. जमीन नाही, तिथं झाडं ठेवून काय करायचं?

तेव्हापासून ते आणि त्यांची आई सरकारी चाळीत चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहतात. आणि दर तेतच्या पहिल्या सकाळी, विद्यापीठात चिटपाखरू नसताना, काका आईला मोटारसायकलवर मागे बसवून इथे आणतात. ताम काका फाटक उघडतात. म्हातारी झाडांखाली बसते, दुपारपर्यंत. बस, एवढंच.

आता चोविसाव्या दिवशी फुललेलं झाड आठवड्यानं येणाऱ्या तेतच्या पहिल्या सकाळपर्यंत टिकत नाही. पाकळ्या दोन-तीन दिवसांत गळतात.

त्या आठवड्यात विभागाकडून सगळ्यांना तेतची भेट म्हणून गोड पदार्थांचा डबा मिळाला. काका त्या दिवशी पंपघरात अडकलेले. माझ्या घराची वाट त्यांच्या चाळीवरून जाते, म्हणून मीच त्यांचा डबा पोचवायला गेले. बोंग बरोबर होती. चार जिने चढताना मी प्रत्येक वळणावर थांबून तिचा श्वास ऐकत होते.

आजी पलंगावर बसल्या होत्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या, पावसाळ्यात पडल्यापासून खोलीबाहेर गेलेल्या नाहीत. डोळ्यांत पडदा आलेला.

"कोण? दिएम ना? आणि हे खोकतंय ते कोण?"

"माझी मुलगी, आजी. सर्दी आहे थोडी. लांबच ठेवते."

"आण इकडे. मला काय होतंय आता सर्दीनं." त्यांनी बोंगचा हात चाचपला, बोटं मोजल्यासारखी धरून पाहिली. "माणसं आता मला आवाजावरून कळतात. पण फुललेलं झाड दिसतं हं. मागच्या तेतला दिसलं. पिवळं, दिव्यासारखं."

"हो, आजी."

"यंदा एकदा बघितलं की मी मोकळी. साऊला सांगून ठेवलंय. त्याचं काय आहे, तो ऐकून घेतो आणि पंपाला तेल घालायला निघून जातो."

तेवढ्यात काका आलेच. कपड्यांना ग्रीसचा वास. मला सोडायला जिना उतरून खाली आले, तेव्हा मी धीर करून म्हणाले, "काका, मी सरांना सांगू? नुसतं सांगते. त्यांना माहीतच नाहीये."

"काय सांगणार?"

"आजींचं."

काका जिन्याच्या कठड्याला टेकले. "बाळा, मुलगी लग्न करून दिली की ती सासरी किती वाजता उठते ते आपण सांगायला जायचं नसतं. झाडं दिली ती दिली. विद्यापीठाला जेव्हा फुलं हवीत तेव्हा ती फुलतील."

"पण आजींना काय सांगाल?"

"बघू," ते म्हणाले. मग बोंगकडे बघून, "हिला रात्री छातीला तेल चोळ. गरम करून."

मी मान डोलावून निघाले. खरं सांगायचं तर भीती होती. माझी नोकरी कंत्राटी, कागद तेतनंतर नव्यानं व्हायचा होता. सरांच्या कामात आपण नाक खुपसलं आणि त्यांना ते आवडलं नाही तर? पण घरी आल्यावर रात्रभर डोक्यात एकच. माझ्या आजोळी अंगणात होआमाई होती, आणि ती घाईला आली की आजी मुळाशी बर्फ टाकायची. थंडावा लागला की कळ्या बिचकतात, दोन-चार दिवस मागे सरतात.

दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसातल्या गार चहाच्या थर्मासमधला उरलेला बर्फ दुपारी झाडांच्या बुंध्याशी ओतू लागले. किती असणार तो? दोन ओंजळी. पण मनाला बरं वाटायचं.

*

खोय सर दिवसातून दोनदा येऊन कळ्या बघायचे. आधी लांबून, मग चष्मा लावून.

"क्वी, या वाढताहेत की नाही?"

"वाढताहेत सर. आतून."

"आतून म्हणजे?"

"म्हणजे... त्यांच्या मनात आहे, सर."

सरांनी त्याच्याकडे नीट बघितलं. क्वी मिशीवरून हात फिरवत निघून गेला.

मला काही गोष्टी खटकत होत्या. बुंध्याभोवतीची माती माझ्या दोन ओंजळींच्या मानानं फारच ओली असायची. चिन मावशी, ज्यांना बादली उचलायची म्हटलं की कंबर आठवते, त्या सकाळी सकाळी स्वतः बादली घेऊन फिरताना दिसायच्या. इमारतीसमोरचे मोठे दिवे आठवडाभर बंद होते, आणि ताम काका सांगत होते, बल्ब गेलेत. सगळे? एकदम? भर दुपारी क्वीनं रोपांवर टाकायची काळी जाळी झाडांवर टाकलेली मी एकदा पाहिली. विचारलं तर म्हणाला, पक्षी येतात. आणि साऊ काका रोज पहाटे पंपघरातून किटली घेऊन येताना दिसायचे. मला वाटलं, चहा.

प्रत्येक गोष्ट वेगळी धरली तर त्यात काहीच नव्हतं. आणि मी कुणाला विचारायला गेले असते तर माझा थर्मासही निघाला असता.

बाविसावा दिवस उजाडला तरी कळ्या तशाच. हिरव्या, कडक, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. तेविसाव्या दिवशी चुलीचा देव वर्षभराच्या बातम्या सांगायला स्वर्गात जातो. त्या सकाळी कळीचं वरचं टरफल फुटलेलं दिसलं, तर फूल तेतच्या पहिल्या दिवशी. सरांना तर त्याच्या दुसऱ्याच दिवशी उमललेली फुलं हवी होती. मी बोंगला लवकर पाळणाघरात सोडून थेट झाडांकडे गेले. जाताना ऑफिसातून थर्मास उचलला.

झाडांपाशी कुणीतरी आधीच होतं. साऊ काका गुडघे टेकून बसलेले, हातात किटली, मातीतून हलकी वाफ येत होती. आणि समोरून चिन मावशी बर्फानं भरलेली बादली घेऊन येत होत्या. दोघं एकमेकांना बघून जागच्या जागी थिजले.

"दादा, हे काय?" मावशींनी विचारलं.

"तुझ्या बादलीत काय आहे ते आधी सांग."

"फरशी पुसायचं पाणी."

"बर्फानं फरशी पुसतेस?"

"चकाकते जास्त."

झाडांच्या मागून क्वी बाहेर आला. त्याच्या खांद्यावर गुंडाळलेली काळी जाळी होती आणि ती लपवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. "मी फक्त दुपारचं ऊन अडवत होतो," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. थर्मास पाठीमागे न्यायला उशीर झाला होता.

"तू पण?" मावशी म्हणाल्या.

"दोनच ओंजळी, मावशी."

"आणि फाटकावरच्यानं दिवे बंद ठेवलेत, ते काय बल्ब गेले म्हणून?" मावशी फाटकाकडे बघत ओरडल्या. लांबून ताम काकांनी हात वर केला. कबुलीचा असावा.

साऊ काका हळूच उठले. त्यांच्या गुडघ्यांना माती लागली होती. "म्हणजे तुम्ही सगळे मिळून झाडं मागे खेचत होता?"

"मिळून कुठलं? कुणाला कुणाचं माहीत होतं?" मावशी म्हणाल्या. "मला वाटलं मी एकटीच पाप करतेय."

"आणि मी रोज पहाटे कोमट पाणी घालतोय. मला वाटलं, झाडं माझ्यावर रुसली."

"कोमट? तुम्ही, काका?" माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही का घाई लावत होता?"

काकांनी किटली खाली ठेवली. "सर म्हणाले चोविसाला फुलं हवीत. झाडं माझ्या घरची होती हे आज ना उद्या कुणीतरी सांगणारच त्यांना. फुलं वेळेवर आली नसती तर? साऊनं मुद्दाम केलं, आईसाठी केलं, असं म्हणाले असते. तीस वर्षं या नळांना पाणी आणलं मी. असं काही ऐकायचं नव्हतं मला." त्यांचा आवाज चढला, जो मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "मी मागितलं होतं का कुणाकडे?"

मग मावशी म्हणाल्या, "तू मागणारा असतास दादा, तर आम्हाला हे चोरटे धंदे करावेच लागले नसते."

"काय मागायचं होतं?" मागून कुणीतरी विचारलं.

खोय सर. हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. त्यांनी आमची बादली, किटली, जाळी, थर्मास असं सगळं ओळीनं पाहिलं. आपल्या पिशवीकडेही पाहिलं. "जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत," ते कसनुसे म्हणाले. "पाण्यात विरघळवून मुळाशी घातल्या की फुलं लवकर येतात म्हणे. म्हटलं, कुणी यायच्या आत..."

चिन मावशींना हसू आवरेना. त्यांनी बादली खाली ठेवून पदर नाही म्हणून टोपीनं तोंड झाकलं. आणि हसता हसताच त्यांनी सरांना सगळं सांगून टाकलं. घर, नदी, ट्रक, म्हातारी, पहिली सकाळ. चार वाक्यांत. मी पंधरा दिवस मनात जुळवत होते ते चार वाक्यांत!

सर पायरीवर बसले. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगण्यासारखं काही नव्हतं, सर," काका म्हणाले. "झाडं विद्यापीठाची आहेत."

"मी मागच्या वर्षीच्या काटक्या बघितल्या," सर म्हणाले. "ही झाडं आणली कुठून, हे विचारायला हवं होतं मी." बराच वेळ ते गोळ्यांच्या पिशवीची गाठ घालत राहिले. "आता फुलणार कधी ही?"

"कोण सांगणार?" मावशी म्हणाल्या. "थंड झालं, गरम झालं, अंधार झाला. माणूस असतं तर तापानं फणफणलं असतं."

माझा हात उगाचच खिशातल्या मोबाइलकडे गेला. पाळणाघराचा फोन नव्हता.

"आता कुणी काही घालायचं नाही," साऊ काका म्हणाले. "साधं पाणी. तेही क्वी घालेल. बाकी कुणी हात लावायचा नाही." मग जरा थांबून, "मीही नाही."

*

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. वरून कुणाचा तरी निरोप आला होता की प्लॅस्टिकची फुलं आणून तारेनं बांधा. चिन मावशींनी सांगितलं, तशी फुलं बांधलीत तर मी झाडू ठेवते आणि घरी जाते. खोय सरांनी निरोपावर काय उत्तर दिलं माहीत नाही, पण फुलं आली नाहीत आणि दिवसभर सरांचे कान लाल होते. पाहुण्यांनी काटक्यांसमोर फोटो काढले. एक बाई म्हणाल्या, कळ्या म्हणजे पुढे येणारं भाग्य. सर इतक्या जोरात "हो, हो!" म्हणाले की त्या दचकल्या.

मग सगळे पांगले. क्वी आपल्या गावी गेला. मावशी खरंच नवऱ्याला सोडून माहेरी गेल्या, आणि वाटेतूनच फोन करून त्याच्या जेवणाचं काय ते सांगत राहिल्या. माझं बातमीपत्र निघालं. साऊ काकांच्या नावापुढे मी लिहिलं होतं, "इथेच." दुसरं काय लिहिणार? माझा नवरा दूरच्या कारखान्यातून सुट्टीवर आला. बोंगचा खोकला उतरला, आणि उतरला म्हणून मी काळजी करत राहिले, कारण इतका अचानक का उतरला?

पहिल्या सकाळी फोन वाजला. मी घाबरूनच उचलला. तेतच्या पहिल्या सकाळी कोण कुणाला फोन करतं? त्या दिवशी बोलावल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही. ज्याचं पाऊल घरात पहिलं पडतं, त्याच्यावर त्या घराचं वर्ष ठरतं.

"दिएम, साऊ बोलतोय. आई म्हणते, पहिलं पाऊल तुझ्या बोंगचं पडू दे. तिचं जन्मवर्ष आईच्या जन्मवर्षाला चांगलं आहे म्हणे."

"तुमच्या खोलीवर येऊ?"

"नाही. झाडांपाशी. ती म्हणते, तिचं घर ते."

मी हो म्हणून बसले. पोरगी रडली तर? अडखळून पडली तर? पुढे वर्षभर आजींना काही झालं तर माझ्या मुलीच्या पावलाला लागणार. नवरा म्हणाला, "दोन वर्षांच्या पोरीला पाठवतेयस, डॉक्टरला नाही. चल, मी गाडी काढतो."

ताम काका नवा शर्ट घालून फाटकात उभे होते. काही बोलले नाहीत, नुसतं फाटक उघडलं. ते मला बरं वाटलं नाही. फुलं असती तर ते बोलले असते.

रिकाम्या विद्यापीठात वाऱ्याचा आवाज तेवढा होता. पाच झाडांखाली एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची, आणि खुर्चीत आजी. गडद निळा मखमली पोशाख, केस विंचरून घट्ट बांधलेले. साऊ काका शेजारी उभे, इस्त्रीच्या शर्टात, हात कुठे ठेवावेत हे कळत नसल्यासारखे.

मी बोंगला खाली उतरवलं. ती चालत निघाली. मध्येच बसली, एक खडा उचलला, तोंडाकडे नेला. मग तिनं विचार बदलला, उठली, आणि तो खडा सरळ आजींच्या मांडीवर ठेवला.

"आली का? ये, ये. हे काय आणलंस? सोनं आणलंस?" आजी हसल्या. त्यांनी नववर्षाच्या पैशांचं लाल पाकीट तिच्या हातात दिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग मान वर केली.

"आणि झाडं? फुलली ना?"

मी वर पाहिलं. कळ्यांची टरफलं फुटली होती. आतले हिरवे गोळे टपोरे झाले होते आणि काहींच्या टोकाला पिवळी रेघ दिसत होती. पण उमललेलं फूल एकही नव्हतं. पाचही झाडांवर एकही नाही.

साऊ काकांनी "आई..." एवढंच म्हटलं.

"फांदी खाली घे," आजी म्हणाल्या.

काकांनी फांदी वाकवली. आजींनी दोन बोटांत एक कळी धरली, मग दुसरी, मग तिसरी. डोळे मिटलेले. मुलाच्या अंगाला हात लावून ताप बघताना आपण जसं थांबतो तशा त्या थांबल्या होत्या.

"अजून चार दिवस," त्या म्हणाल्या. "गार वारा सुटला तर पाच."

"आई, यंदा जरा गडबड झाली. माझीच..."

"कसली गडबड? ही झाडं तुझ्या बापानं लावली. त्याला तरी वेळेचं भान होतं का कधी? माझ्या लग्नाला दुपारी आला होता, वरात सकाळची." त्यांनी फांदी सोडली. ती वर गेली आणि थोडा वेळ हलत राहिली. "मग चार दिवसांनी येऊ. ही पोरगी पण येईल. येशील ना गं? आणि साऊ, येताना भात घेऊन ये डब्यात, दुपारपर्यंत भूक लागते मला इथे."

काकांनी मान डोलावली. "आणतो," ते म्हणाले.

"नुसता भात नको. मासा घाल त्यात. काटे काढून."

"काढतो."

दुपार व्हायच्या आत आम्ही निघालो. काकांनी आईला उचलून मोटारसायकलवर बसवलं, तिचे हात आपल्या कमरेभोवती गुंफून घेतले आणि मग एका हातानं खुर्ची उचलायला वाकले.

"राहू दे ती तिथेच," आजी म्हणाल्या. "चार दिवसांत परत यायचंय. उगाच ने-आण कशाला?"

मी फाटकातून मागे वळून पाहिलं. पान नसलेल्या झाडांखाली ती लाल खुर्ची उभी होती, आणि ताम काका तिच्यावर धूळ बसू नये म्हणून आपला नवा रुमाल पसरत होते.